हौसाबाईचा तिसरा टप्पा

ही गोष्ट २०२३ सालची. त्या वर्षी सव्वीस जानेवारीच्या ग्रामसभेत सावरखेडीच्या पाण्याचे नवे दर मंजूर झाले आणि मंजुरीसाठी सगळ्यात आधी जो हात वर गेला तो हौसाबाई राऊतचा होता. पुढच्या तीन महिन्यांत तिला त्या हाताचा पुष्कळदा राग आला. तिने विसरायचं म्हटलं, तरी शेजारची चतुराबाई तिला तो हात विसरू देत नव्हती.

सावरखेडी हे वाशीमहून अनसिंगकडे जाताना आत वळल्यावर लागणारं गाव. माळ्यांची घरं जास्त. मेथी, वांगी आणि सांबार, म्हणजे कोथिंबीर, हे पिकवायचं आणि भल्या पहाटे वाशीमच्या बाजारात नेऊन टाकायचं, हा पिढ्यांचा धंदा. मळ्याला विहिरीचं पाणी होतं, पण ते मचूळ. प्यायच्या पाण्याची मात्र गावाला कायमची ओढाताण. नळ आले तेसुद्धा चौथ्या दिवशी तास-दीड तास यायचे. मग नवी टाकी झाली, घरोघर मीटर लागले आणि ग्रामसेवक धम्मरत्न यांनी सांगितलं, "पाणी रोज देतो. पण जपून वापरलं तरच पुरंल. म्हणून दराचे तीन टप्पे केले."

महिन्याला आठ हजार लिटरपर्यंत साधा दर. आठ ते सोळा हजारांपर्यंत दुप्पट. सोळाच्या वर चौपट. सभेतल्या निम्म्या लोकांना हे कळलं नाही आणि उरलेल्या निम्म्यांनी कळल्यासारखं दाखवलं. धम्मरत्न मोठा हुशार माणूस. त्यांनी उदाहरण दिलं.

"समजा, पंगत बसली. पहिल्या दोन भाकरी घरच्या भावात. तिसरी-चौथी हॉटेलच्या भावात. पाचवी मागितली तं मंग केटररच्या भावात. ज्याले भूक हाये त्याचं दोन-चारवर भागते. खादाड असंल त्यानं खिसा सैल करावा. बरोबर का नाही?"

"बरोबर हाये!" हौसाबाई उठून उभी राहिली. वय पंचाहत्तर, आवाज पंचविशीतला. "पाणी नासणाराले चौपट कायले, आठपट लावा, भाऊसाहेब! बाहत्तर साली आमी दोन कोस चालून डोक्यावर एक गुंड पाणी आणलं. खडीच्या कामावर तान लागली तं जिभंनं ओठ ओले केले. आजकालच्या पोरी नळ चालू ठेवून गाणे म्हणतात!"

आणि तिने हात वर केला. तिच्या मागून सगळ्या बायकांनी केला.

ठरावात आणखी दोन गोष्टी होत्या. एक म्हणजे, एका चुलीला एक नळ. ज्याची चूल वेगळी त्यालाच वेगळा नळ. दुसरी, जो सलग तीन महिने तिसऱ्या टप्प्यात राहील त्याच्या नळात बारीक भोकाची चकती बसवायची, म्हणजे पाणी करंगळीएवढं येईल. शिवाय पंचायतीसमोरच्या फळ्यावर दर महिन्याला सगळ्यांची नावं लिहायची होती. पहिला टप्पा हिरवा, दुसरा पिवळा, तिसरा लाल.

फेब्रुवारीच्या शेवटच्या दिवशी नळवाला लखीराम मीटर वाचत गल्लीतून आला. लखीरामचा आवाज असा, की त्याने आकडा वहीत लिहिला नसता तरी गावाला पाठ झाला असता. हौसाबाईच्या दारात वाकून त्याने काचेवरची धूळ पुसली आणि ओरडला, "दौलतराव राऊत, सव्वीस हजार आठशे!"

गावात तेवढं एकच नाव लाल निघालं.

दौलतराव म्हणजे हौसाबाईचे मालक. वय एकोणऐंशी. दिवसातून दहा वाक्यं बोलायची आणि त्यातली आठ बायकोला चिडवायला वापरायची, अशी त्यांची शिस्त. ते मुद्दाम काठी टेकत फळ्यापर्यंत जाऊन आले.

"काय मोठं नाव लिहिलं वं माहं," ते ओट्यावर टेकत म्हणाले. "लग्नाच्या पत्रिकेत बी इतकं ठसठशीत नव्हतं. आठपट लावा म्हणत होती तू. चौपटीवरच सुटलो."

हौसाबाई तडक आत गेली. तिला घरातला चोर शोधायचा होता.

घरात अकरा माणसं. हे दोघं म्हातारे. थोरला राजू, त्याची बायको निता आणि त्यांची तीन पोरं. धाकटा धीरज, त्याची बायको सुचिता आणि त्यांच्या दोघी मुली. अकरा जणांचा स्वयंपाक एका चुलीवर. आता गॅसही होता, पण भाकरी चुलीवरचीच. चुलीसमोरचा पाट हौसाबाईचा. त्या पाटावर बसून अकरा ताटं वाढताना तिला जे वाटायचं ते तिने कधी कोणाला सांगितलं नव्हतं, पण घरात सगळ्यांना ते ठाऊक होतं.

पहिला संशय सुचितावर गेला. सुचिता रिठदची, शिकलेली, मोजकं बोलणारी. दोन वर्षांपूर्वी तिच्या माहेरहून कपडे धुवायची मशीन आली होती.

"ती मशीन पाणी पेते," हौसाबाई म्हणाली. "रेड्यासारखी पेते. घुटूघुटू आवाज येते."

"आई, मशीन दोन दिवसाआड लावतो आपण. सगळ्याइचे कपडे एकदम."

"मंग ती दोन दिवसाचं एकदम पेते."

दुसरा संशय राजूच्या थोरल्यावर, तो मोटरसायकल धुवायचा म्हणून. तिसरा नितावर. ती मेथीच्या जुड्या मळ्याच्या पाण्यात धुवायच्या सोडून घरच्या नळाखाली धुते, असं हौसाबाईला वाटे. मार्च उजाडला तसा तिने पहाराच सुरू केला.

तिचा दिवस आधीपासूनच घड्याळासारखा होता. सहाला उठायचं. आंगणात सडा टाकायचा. घरातलं कालचं शिळं पाणी ओतून रांजण, ड्रम, गुंड घासून पालथे घालायचे. सातला नळ आला की सगळं ताजं भरून घ्यायचं. भरणं झालं की चहा. आता त्यात एका कामाची भर पडली. चहाची कपबशी घेऊन ती मीटरजवळ मोडा टाकून बसू लागली. मीटरच्या काचेत एक लाल चांदणी होती. पाणी चाललं की ती फिरायची. हौसाबाई त्या चांदणीकडे टक लावून बघायची, आणि चांदणी हलली रे हलली की तिची हाक आत जायची.

"कोण हाये न्हाणीत? बस झालं! लग्न लागून राह्यलं का तुहं?"

"माय, पोरगी तोंड धुते," धीरज म्हणायचा.

"तोंडाले तांब्या लागते. हे काय तोंड हाये का वावर?"

मोटरसायकल ओल्या फडक्याने पुसली जाऊ लागली. मशीन आठवड्यातून दोनदाच लागू लागली. मेथी मळ्यावर धुतली जाऊ लागली. पोरं अर्ध्या बादलीत आंघोळ करून शाळेत जाऊ लागली आणि त्यातल्या एकीच्या कानामागे साबण राहिला म्हणून बाईंनी डायरीत चिठ्ठी लिहून पाठवली.

मार्चअखेर लखीराम आला. सगळं घर ओट्यावर जमलं.

"सव्वीस हजार शंभर!"

महिनाभराच्या पहाऱ्याने सातशे लिटर वाचले होते. पलीकडच्या ओट्यावरून चतुराबाईचा आवाज आला, "माहे किती रे लखीराम?"

"चार हजार नऊशे, मावशी."

"हिरवंच का मंग? बरं बरं. मी आपलं इचारलं."

चतुराबाई ही हौसाबाईची धाकटी जाऊ. तिच्या घरात तीन माणसं, ती, तिचा मुलगा हरीओम आणि सून. दोन्ही घरं मुळात एकच. मधली भिंत चौऱ्याण्णव सालची. त्या भिंतीची गोष्ट सांगितल्याशिवाय पुढचं कळायचं नाही.

चौऱ्याण्णवात दोघी जावा एकाच चुलीवर होत्या. घासलेटची टंचाई. कोणीतरी सल्ला दिला की राशनकार्ड वेगळी करा, दुप्पट घासलेट मिळेल. वेगळ्या कार्डासाठी वेगळी चूल लिहून द्यावी लागे. दौलतराव आणि त्यांचा भाऊ दोघेही हसत हसत तहसिलीत गेले. नुसती कागदावर तर वेगळी, त्यात काय. दोन कार्डं झाली. मग दोन कार्डांची साखर दोन डब्यांत आली. दोन डबे दोन फळ्यांवर गेले. एक दिवस एका डब्यातली साखर कमी भरली आणि दोघींपैकी कोण आधी बोललं यावर अजूनही एकमत नाही. सहा महिन्यांत भिंत उभी राहिली. भांडण कधीच विरलं. भिंत मात्र राहिली. त्या दिवशी हौसाबाईने मनाशी ठरवलं होतं, की आपल्या लेकांची चूल आपल्या डोळ्यांदेखत फुटू द्यायची नाही.

म्हणून एप्रिलच्या पहिल्या आठवड्यात राजू आणि धीरज तिच्यासमोर एक अर्ज घेऊन बसले, तेव्हा तिला वाचता येत नसूनही त्यात काय असेल ते तिने ओळखलं.

"माय, दुसऱ्या नळाचा अर्ज हाये," राजू म्हणाला. "धीरजच्या नावानं. दोन नळ झाले की पाणी दोन मीटरवर वाटलं जाते. दोघंबी तेरा-तेरा हजारात. लालमधून पिवळ्यात."

"हा तिसरा महिना हाये," धीरज म्हणाला. "या बारीलेबी लाल आलं तं नळात चकती. अकरा माणसाइले करंगळीएवढ्या पाण्यात कसं भागवावं?"

"आन् त्याच्यात चूल वेगळी लिहावं लागते," हौसाबाई म्हणाली.

धीरजने राजूकडे पाहिलं. मग राजू म्हणाला, "नुसती कागदावर, माय."

"कागदावरचीच होती ना पयली बी? जाय, तुह्या चतुराकाकूले इचार, कागदावरची चूल घरात उतराले किती दिवस लागतात ते."

दौलतराव एरवी अशा वेळी काहीतरी टोमणा मारत. त्या दिवशी त्यांनी काठीची मूठ पुसली फक्त.

"एप्रिलभर थांबा," हौसाबाई शेवटी म्हणाली. "महिनाअखेरपर्यंत मले चोर सापडला नाई तं लावा अंगठा. मीच लावीन." आणि तिने अर्ज पिठाच्या डब्याखाली दाबून ठेवला. रोज पीठ घेताना तो तिच्या हाताला लागायचा.

एप्रिलचं ऊन चढत गेलं. गावातल्या आंगणातली झाडं मान टाकू लागली. अशातच एका दुपारी चतुराबाई ताटलीवर फडकं टाकून आली.

"घ्या बाई, चमकुऱ्याच्या वड्या केल्या. तुमच्या घरी पाण्याची तंगी, म्हटलं चमकुरा काई लावला नसंल."

हौसाबाईने फडकं उचललं. चमकुरा म्हणजे अळू, त्याच्या वडीला पान कोवळं आणि रुंद हवं. ती पानं सुपाएवढी असणार, हे वडीच्या वळ्यांवरून तिने ताडलं. चमकुरा तर पाण्यातच पाय बुडवून बसणारं झाड. एप्रिलात, चार हजार नऊशे लिटरमध्ये, सुपाएवढा चमकुरा?

तिने वडी तोंडात टाकली आणि चावता चावता थांबली. गिळल्यावर मात्र डोळ्यात चमक आली. चोर घरात नव्हताच. चोर भिंतीपलीकडे होता.

"लय गोड झाल्या," ती म्हणाली. "झाड कुठी लावलं वं?"

"मांगच्या आंगणात. आपोआपच वाढते, बाई. मी तं पाणीबी टाकत नाई."

पाणीबी टाकत नाई! हौसाबाईला तेवढं पुरलं. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पंचायतीत जाऊन धम्मरत्न यांच्यासमोर उभी राहिली.

"भाऊसाहेब, माह्या मीटरातलं पाणी चोरून राह्यले. भिंतीखालून पाइप नेला. चला, पंचनामा करा. आठपट लावा."

"कोणं चोरलं, आजी?"

"चमकुरा पाहा आन् तुमीच सांगा."

धम्मरत्न, लखीराम, कुदळ, आणि वाटेत जमा झालेली दहाबारा माणसं चतुराबाईच्या मागच्या आंगणात आली. चमकुरा खरोखरच पाहण्यासारखा होता. गुडघ्याच्या वर उंच, पानं गाईच्या कानांसारखी, बुडाशी काळा चिखल. चतुराबाई कंबरेवर हात ठेवून उभी राहिली.

"खणा की! सोनं निघालं तं निमं माहं."

लखीरामने चार घाव घातले. भिंतीच्या बुडाशी मातीचा जुना, शेवाळलेला नळा लागला. त्याच्या तोंडातून थेंब थेंब पाणी येत होतं.

"पाहा!" हौसाबाई ओरडली. "म्या म्हटलं नव्हतं?"

लखीरामने नळ्यात बोट घातलं, हुंगलं, वाकून पाहिलं. "काकू, हा काई मीटरचा पाइप नोहे. हे सांडपाण्याचं हाये. वरून कुठून तरी उतरते."

"कुठून?"

"पाहू. तुमच्या घरात नीळ हाये का?"

नीळ म्हणजे पांढऱ्या कपड्यांना घालतात ती. हौसाबाई घाईघाईने घरी आली. लखीरामच्या सांगण्यावरून सुचिताने बादलीभर पाण्यात नीळ कालवली आणि घरातल्या एकेका मोरीत ओतायला घेतली. आधी न्हाणीत. पलीकडून लखीराम ओरडला, "नाई!" मग भांडी घासायच्या मोरीत. "नाई!" मग मशीनच्या पाइपाजवळ. हौसाबाई श्वास रोखून उभी. "नाई!"

शेवटी राहिली रांजणाजवळची जुनी मोरी. सुचिता क्षणभर थांबली. सासूकडे पाहिलं, मग ओतली.

थोडा वेळ काही नाही. मग भिंतीपलीकडून लखीरामचा आवाज, तीन गल्ल्यांना ऐकू जाईल असा: "आलं! निळं निळं आलं!"

सगळी माणसं भिंतीला वळसा घालून हौसाबाईच्या आंगणात आली. धम्मरत्न यांनी घाम पुसत विचारलं, "या मोरीत काय टाकता, आजी?"

हौसाबाई सुचिताकडे वळली. "काय टाकतं वं हिच्यात?"

सुचिताने पदर सावरला. "आई, या मोरीत घरातलं दुसरं कोणी काई टाकत नाई. तुमीच टाकता. सकाळचं शिळं पाणी."

सगळ्यांच्या नजरा रांजणाकडे वळल्या. रांजण साठ लिटरचा. ड्रम दोनशेचा. तीन गुंड. नळ चौथ्या दिवशी यायचा तेव्हा चौथ्या दिवशी ओतलं जायचं. नळ रोज येऊ लागला आणि पाणी रोज शिळं होऊ लागलं. सासूने शिकवलेली रीत. नवं पाणी आलं की जुनं ओतायचं, भांडं उजळायचं, घरात लक्ष्मी ताज्या पाण्याला येते. पन्नास वर्षांत हौसाबाईने ती एकदाही चुकवली नव्हती. मीटरजवळ बसून तिने सगळ्या घराला पाहिलं होतं. नळाखाली ड्रम भरताना चांदणी गरागरा फिरायची तेवढं मात्र तिने धरलं नव्हतं, कारण ते तर घरात भरायचं पाणी होतं.

हे सगळं तिच्या तोंडावरून वाचत दौलतराव खाटेवरून म्हणाले, "काय वं, बाहत्तर साली टँकर आठ दिवसांनी यायचा. तवा आठव्या दिवशी काय पेत होतो आपण?"

कोणीतरी फिसकन हसलं. मग सगळेच हसले. हौसाबाई घरात निघून गेली.

थोड्या वेळाने चतुराबाई तिच्यामागे आत आली. हौसाबाई चुलीपुढच्या पाटावर बसली होती.

"तुले ठाऊक होतं ना वं?" हौसाबाईने न बघता विचारलं.

"पयल्या दिवसापासून," चतुराबाई खाली बसली. "भिंत घातली तवा चूल वाटली, डबे वाटले. मोरी वाटायची राहून गेली, बाई. सकाळी सहाला नळा वाजला की मले समजते, तुमी उठल्या. म्हटलं, बरं हाये."

हौसाबाईला यावर काही चिडकं बोलायचं होतं. तिने पिठाचा डबा उगीच सरकवला, तर खालचा अर्ज बाहेर आला.

"पण चोर तं सापडला ना तुमाले?" चतुराबाईने विचारलं. "मंग?"

हौसाबाईलाही तेच वाटत होतं. दुसऱ्या दिवशी पहाटे ती रांजणासमोर उभी राहिली. हात सवयीने पुढे गेला, मागे आला. झाकण उघडून तिने एक घोट घेतला. पाणी पाण्यासारखं होतं. तिने रांजणावर स्वच्छ फडकं बांधलं आणि चहा ठेवला. ओतायचं-घासायचं काम नसल्याने सकाळ इतकी रिकामी वाटली, की एका चहाने ती भरेना.

लखीराम पाच दिवस रोज येऊन मीटर वाचून गेला. रोजचे नऊशेचे सहाशे झाले होते. पण सुचिताने कागदावर हिशोब मांडला आणि सासूसमोर ठेवला. "आई, आता आपण एक थेंब नासत नाई. तरी महिन्याचे अठरा हजार होतात. अकरा माणसं हायेत. सोळाच्या वरच राह्यतो आपण. लालच."

हौसाबाईने कागद हातात घेतला. आकडे कळत नव्हते, पण अकरा कळत होते.

"मंग चतुरा तीन माणसात पाच हजार उडवते तरी हिरवी?"

"हो."

"आन् धम्मरत्न भाऊसाहेब कसे म्हणले होते, भाकरीचं?"

एप्रिलच्या अखेरीस फळ्यावर नाव तिसऱ्यांदा लाल झालं. लखीरामने चकती खिशात ठेवली होती. दुसऱ्या दिवशी एक मे, ग्रामसभा. धीरजने अर्ज भरून सदऱ्याच्या खिशात घातला. चोर सापडूनही नाव लालच राहिलं होतं, म्हणून अंगठा लावायला आई स्वतः चालली होती.

सभेत हौसाबाई उठली तेव्हा मागच्या रांगेतून आवाज आला, "आजी, चमकुरा कसा हाये?"

"तुह्यापेक्षा उंच हाये," ती म्हणाली आणि हशा थांबेपर्यंत उभी राहिली. "नासलं म्या. दोन महिने पोराइले, सुनाइले बोलली, आन् नासत मीच होती. दंड मले लावा. सुचिता, तुह्या मशीनीले बी म्या रेडा म्हटलं. ते मागं घेतलं."

सुचिताने खाली पाहून हसू लपवलं.

"पण भाऊसाहेब, आता मले एक सांगा. एका घरी एकटा माणूस तीन भाकरी खाते. दुसऱ्या घरी अकरा माणसं मिळून पाच भाकरी खातात, अर्धी-अर्धी. खादाड कोण?"

धम्मरत्न यांनी पेन खाली ठेवलं. "एकटा माणूस."

"मंग तुमी केटररचा भाव कोणाले लावला?"

 सरपंचबाईंनी ठरावाची वही उघडून परत मिटली.

"एका चुलीला एक नळ म्हणता," हौसाबाई म्हणाली, "म्हणजे ज्याची चूल मोठी त्याले दंड, आन् फोडली की सूट. पाणी वाचवासाठी घरं फोडाची का? नळ नका मोजू. डोकी मोजा. एका डोक्याले दिवसाचं किती लागते ते ठरवा. त्याच्या वर नासलं तं मंग खुशाल आठपट लावा. मलेबी."

"आजी, डोकी कोण मोजंल?" धम्मरत्न म्हणाले. "लोकं पुण्याच्या पोराचंबी डोकं लिहितील."

"लखीरामले पाठवा जेवाच्या वेळी. ताटं मोजंल."

लखीराम उठून उभा राहिला. "मोजीन! पण जेवू घालावं लागंल."

धम्मरत्न यांनी मत घ्यायला हात वर करायला सांगितले. हौसाबाईने यावेळी आपला हात मांडीखाली दाबून धरला. जानेवारीतल्या हाताचा अजून भरवसा नव्हता. पहिला हात वर गेला तो बायकांच्या रांगेतून, हिरव्या यादीतल्या चतुराबाईचा.

"तुमचं तं हिरवंच हाये, काकू," कोणीतरी म्हणालं. "तुमाले काय पडलं?"

"माहं हिरवं हाये," चतुराबाई म्हणाली, "कारण माह्या घरी तीन ताटं हायेत. त्यात मिरवासारखं काय हाये बा?"

ठराव झाला. माणशी दिवसाला पंचावन्न लिटर साध्या दरात, त्यावर दुप्पट, आणखी वर गेलं की चौपट. चकती लखीरामच्या खिशातच राहिली. घरी आल्यावर हौसाबाईने धीरजच्या खिशातून अर्ज काढून घेतला आणि संध्याकाळी भाकरीचा जाळ मंद झाला तेव्हा आत सारला.

"चूल वेगळी कराचा कागद चुलीनंच खाल्ला," दौलतराव म्हणाले. त्या दिवसाचं ते त्यांचं दहावं वाक्य असावं.

यानंतर कोणाचं काय झालं ते सांगून टाकते. धम्मरत्न यांची पुढच्या वर्षी मानोऱ्याकडे, पोहरादेवीजवळच्या एका गावात बदली झाली. तिथेही ते भाकरीचंच उदाहरण देतात म्हणे, पण आता पंगतीत किती जण बसलेत ते आधी विचारतात. लखीराम ताटं मोजत फिरला आणि दोन महिन्यांत त्याचं पोट सुटलं. पुण्यामुंबईच्या सतरा पोरांची डोकी त्याने यादीतून उडवली. सुचिता पाणी समितीवर गेली. फळ्यावरची अक्षरं आता तिची असतात. मशीन अजून चालते आणि हौसाबाई तिला अधूनमधून रेडाच म्हणते, पण प्रेमाने. राजू आणि धीरज एकाच चुलीवर जेवतात. भांडतातही तिथेच.

चतुराबाईचा चमकुरा त्या मे महिन्यात वाळून गेला. पुढच्या पावसाळ्यात त्याने पुन्हा डोकं काढलं, तेव्हापासून हौसाबाई पोरांच्या आंघोळीचं पाणी बादलीने भिंतीला वळसा घालून नेते. बादली रिकामी व्हायला मिनिट लागत नाही. ती परत यायला मात्र तास लागतो.

दौलतराव चोवीस सालच्या थंडीत गेले. शेवटचे चार दिवस अन्न गेलं नाही, नुसतं पाणी घेत होते. हौसाबाई तांब्या घेऊन जवळ बसली की विचारायचे, "ताजं हाये का वं?"

"ताजं हाये."

"नको. कालचं दे. लय चांगलं मुरते ते."

त्या महिन्याच्या शेवटी लखीराम मीटर वाचायला आला. पहिल्यांदाच तो हळू आवाजात बोलला. "काकू, डोकी दहा लिहू, का या सालभर अकराच राहू देऊ? कोणी इचारणार नाई."

हौसाबाई रांजणावरचं फडकं नीट करत होती.

"दहा लिही," ती म्हणाली. "त्याइच्या वाटचं पाणी आपण कायले नासाचं?"